८६ वर्षांच्या वडिलांना डायलिसिस सुरू करावं का? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा

तासगावकर७२

नमस्कार मंडळी, वडिलांबद्दल विचारायचंय, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वय ८६. शुगर तीसेक वर्षांपासूनची, बीपी त्याहून जुना, मागं एकदा अँजिओप्लास्टी झालीय आणि आताच्या इकोमधे ईएफ (हृदयाची पंप करायची ताकद) ३५ टक्के आलंय. किडनी किती बिघडलीय ते दाखवणारं क्रिएटिनिन वर्षभर ४ ते ५ च्या मधे रेंगाळत होतं ते आता एकदम ६.८ झालं, इजीएफआर (किडनीचं काम किती उरलंय तो आकडा) ७, पोटॅशियम ५.४, हिमोग्लोबिन ८.९. मिरजेला ज्या किडनीच्या डॉक्टरांकडं दाखवतो ते म्हणाले की आता आठवड्यातनं तीनदा डायलिसिस लागेल, आधी मानेतनं कॅथेटर म्हणजे नळी टाकू आणि मग हाताचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला रक्तवाहिन्यांची जोडणी) करू, घरच्यांनी काय ते ठरवून कळवा.

आता घरातली परिस्थिती सांगतो. आप्पा आणि आई माझ्याकडं तासगावजवळ गावातच असतात, मिरज एका बाजूनं पाऊण ते एक तास लागतो. मी शाळेत नोकरीला, बायको घरचं आणि गुरांचं बघते. थोरला भाऊ पुण्याला आहे, त्याचं म्हणणं लगेच सुरू करा, पैशाचं मी बघतो, नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्याला सोडून दिलं. ताई म्हणते एवढ्या वयात नळ्या टोचून हाल कशाला करायचे. आई काहीच बोलत नाही. आणि मी मधे अडकलोय, कारण रोजचं सगळं मलाच बघायचंय आणि काहीही ठरवलं तरी उद्या मलाच वाटणार की चुकलं.

मला दोनच गोष्टी कळून घ्यायच्यात. एक म्हणजे एवढ्या वयात डायलिसिस केलं तर माणूस खरंच किती जगतो, आणि कसा जगतो? आणि दुसरं म्हणजे नाही केलं तर नेमकं काय होतं? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले नाही केलं तर अवघड आहे. अवघड म्हणजे काय, ते विचारायचा धीर झाला नाही.

निशिगंधा

दादा, आधी एक सांगते, नुसतं वय बघून नाही म्हणू नका. माझ्या आईचं ८१ व्या वर्षी सुरू केलं, आता तिसरं वर्ष चालू आहे. आम्ही नाशिकला, सेंटर घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. तिला शुगर नाही, हार्ट चांगलं आहे, किडन्या बीपीमुळं गेल्या. अजून लघवी बरीच होते म्हणून डॉक्टरांनी तिला आठवड्यातनं दोनदाच ठेवलंय. डायलिसिसच्या दिवशी घरी आली की झोपते ती संध्याकाळपर्यंत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःची अंघोळ, देवपूजा, भाजी निवडणं, फोनवर मावशीशी तासभर गप्पा, सगळं चालू असतं. सुरू करायच्या आधी तिला जेवणाचा वाससुद्धा सहन होत नव्हता, सारखी उलटीची भावना आणि दिवसभर गुंगीत, ते महिन्याभरात गेलं. आमच्यावेळी पण नातेवाईकांनी सांगितलं होतं की ८१ वय झालं आता कशाला. तेव्हा त्यांचं ऐकलं असतं तर ही तीन वर्षं मिळाली नसती.

पण हेही खरं की आई सुरुवातीपासून चालती फिरती होती आणि तिनं स्वतः हो म्हटलं होतं. तुमच्या आप्पांचं तसं आहे का? तुम्ही सगळ्यांचं मत लिहिलंत, भावाचं ताईचं, आप्पांचं स्वतःचं काय म्हणणं आहे ते कुठंच दिसलं नाही.

सह्याद्री_पाऊस

माझ्या ओळखीत एकांचं क्रिएटिनिन पुनर्नवा आणि गोखरूच्या काढ्यानं ७ वरून ४ वर आलेलं आहे, डायलिसिस टळलं. एकदा सुरू केलं की मशीनची सवय लागते मग सुटत नाही. पत्ता हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

मशीनवाला

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, बरीच वर्षं ह्याच कामात. आधी वरच्या प्रतिसादाबद्दल, काढ्याच्या नादाला लागू नका दादा, खरंच कळकळीनं सांगतोय. इजीएफआर ७ असताना पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही, ते वाढलं तर हृदयाला धोका, कुठल्याही झाडपाल्याच्या काढ्यात पोटॅशियम असतंच, आणि भस्मं असतील तर त्यात पारा शिसं काय असेल सांगता येत नाही. आमच्याकडं इमर्जन्सीला रात्री येणाऱ्यांमधे काढा पिऊन आलेले असतात. आणि मशीनची सवय वगैरे काही लागत नाही, किडनी संपलेली असते म्हणून पुन्हा पुन्हा करावं लागतं. ज्यांची किडनी अचानक एखाद्या इन्फेक्शनमुळं किंवा गोळ्यांमुळं बसलेली असते त्यांची सुधारते आणि मशीन सुटतंसुद्धा.

आता जे मी रोज बघतो ते लिहितो. चार तास मशीन, त्याच्या आधी नंतर टोचणं, दाबून धरणं, बीपी स्थिर होईपर्यंत थांबणं, धरून पाच तास. तुमचं जाणं येणं दोन तास. म्हणजे आठवड्याचे तीन दिवस पूर्ण त्यातच गेले असं धरून चाला, आणि बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना त्या दिवशी इतका थकवा येतो की घरी गेल्यावर जेवायला पण उठत नाहीत. हार्ट कमजोर असेल तर मशीनवर बीपी पडतो, चक्कर, उलटी, पायात पेटके. किती पाणी काढायचं ह्याला मर्यादा असते, साधारण ताशी किलोमागं १३ मिलीच्या वर गेलं की हृदयावर ताण येतो, म्हणजे आप्पा ४५ किलोचे असतील तर चार तासात फार तर सव्वादोन लिटरच्या आसपास. दोन डायलिसिसच्या मधे त्याहून जास्त पाणी साठलं तर ते एका वेळेत सुरक्षितपणे निघत नाही, म्हणून पिण्याचं पाणी मोजून द्यावं लागतं. उन्हाळ्यात तासगावच्या उन्हात पाणी मोजून पिणं म्हणजे काय हे त्यांनाच ठाऊक.

मानेतलं कॅथेटर ही म्हाताऱ्यांच्यात सगळ्यात त्रासाची गोष्ट. इन्फेक्शन झालं तर मशीन लावल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरून ताप येतो आणि मग ऍडमिट. फिस्टुला चांगला पण तो केल्या केल्या वापरता येत नाही, दीड दोन महिने तरी पिकायला लागतात, आणि ऐंशीच्या पुढं शिरा इतक्या बारीक असतात की काही वेळा तो तयारच होत नाही, दुसऱ्यांदा करावा लागतो.

एवढं सगळं लिहिलं म्हणजे करूच नका असं नाही. आमच्याकडं एक आजोबा येतात, काठी टेकत येतात, डबा खातात, पेपर वाचतात, दुसऱ्या पेशंटला धीर देतात. पण स्ट्रेचरवरनं येणारे पण असतात, ज्यांना आपण कुठं आलोय ते कळत नाही आणि चार तास नळी ओढू नये म्हणून हात धरून ठेवावा लागतो. दोन्ही ८५ चे. वय सारखंच.

टेम्सकाठी

मी मूळची सोलापूरची, इंग्लंडमधे किडनी विभागात डॉक्टर आहे, वयस्कर पेशंट हेच माझं मुख्य काम. तुमच्या आप्पांना मी तपासलेलं नाही त्यामुळं त्यांच्याबाबत निर्णय देणार नाही, पण तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांना नीट उत्तर मिळायला हवं म्हणून सविस्तर लिहिते.

किती जगतात? अमेरिकेत १९९६ ते २००३ मधे डायलिसिस सुरू केलेल्या ८० च्या पुढच्या लोकांचा मोठा अभ्यास २००७ मधे आला, त्यात पहिल्या वर्षात ४६ टक्के लोक गेले. ८० ते ८४ वयात निम्मे लोक साधारण साडेपंधरा महिन्यांपर्यंत होते, ८५ ते ८९ मधे साडेअकरा महिने, नव्वदीच्या पुढं साडेआठ महिने. आकडे जुने आहेत, तिकडचे आहेत, आणि सरासरीतले आहेत, म्हणजे निशिगंधाताईंच्या आईसारखे तीन वर्षं छान काढणारेही त्यात आहेत आणि पहिल्या महिन्यात जाणारेही.

पण खरी तुलना डायलिसिस घेणारे आणि न घेणारे ह्यांच्यात करायला हवी. इंग्लंडमधल्या चार किडनी युनिटमधल्या ७५ च्या पुढच्या १२९ पेशंटचा अभ्यास २००७ मधेच आला होता. एकूणात डायलिसिसवाले जास्त जगले, वर्षानंतर ८४ टक्के हयात तर न घेणाऱ्यांपैकी ६८ टक्के. मात्र ज्यांना इतर आजार खूप होते, विशेषतः हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, त्यांच्यात हा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. तुम्ही ईएफ ३५ आणि अँजिओप्लास्टी लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

अलीकडचा, २०२४ चा एक अभ्यास अमेरिकेतल्या माजी सैनिकांचा आहे, ६५ च्या पुढचे, इजीएफआर १२ च्या खाली, ट्रान्सप्लांटला न पाठवलेले, वीस हजारांवर लोक, सरासरी वय ७८ च्या आसपास. लगेच डायलिसिस सुरू करणारे आणि औषधांवर थांबणारे ह्यांची तीन वर्षांची तुलना केली. लगेच सुरू करणारे सरासरी ७७० दिवस जगले, थांबणारे ७६१ दिवस. नऊ दिवसांचा फरक. आणि लगेच सुरू करणाऱ्यांचे घरी काढलेले दिवस उलट साधारण दोन आठवड्यांनी कमी भरले कारण ते हॉस्पिटलमधे गेले. थांबलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी पुढं गरज पडल्यावर डायलिसिस घेतलंच, त्यामुळं थांबणं म्हणजे दार कायमचं बंद होणं असं समजू नका. अजिबात कधीच न घेणाऱ्यांशी तुलना केली तर फरक लगेच सुरू करणाऱ्यांच्या बाजूनं ७७ दिवसांचा निघाला.

कसे जगतात? अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या, म्हणजे वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थांमधल्या, ३७०२ वृद्धांचा २००९ चा अभ्यास आहे. डायलिसिस सुरू केल्यावर वर्षभरात ५८ टक्के गेले आणि आधी जेवढं स्वतःचं स्वतः करत होते तेवढं वर्षानंतरही करू शकणारे फक्त १३ टक्के उरले. ते आधीच परावलंबी लोक होते, घरी चालतंफिरतं असणाऱ्याला तो आकडा जसाच्या तसा लावू नये. पण कॅनडात ८० च्या पुढं सुरू केलेल्या, बहुतेक घरी स्वतंत्र राहणाऱ्या लोकांमधेही सहा महिन्यांत तिसऱ्या हिश्श्याला नव्यानं मदतनीस लागायला लागला किंवा घर सोडून संस्थेत जावं लागलं.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. डायलिसिस आलं तेव्हा ते म्हाताऱ्यांसाठी नव्हतंच. १९६२ मधे सिएटलला मशीनं कमी आणि पेशंट जास्त होते तेव्हा कुणाला घ्यायचं हे ठरवायला नागरिकांची समिती बसायची, आणि ४५ च्या वरच्यांचा विचारच होत नसे. पुढं मशीनं वाढली, पैसे सरकार द्यायला लागलं, आणि हळूहळू ८०, ९० वयाच्या लोकांनाही लावायला लागले. त्यांना त्यानं किती फायदा होतो हे मोजायला मात्र चाळीसेक वर्षं गेली. त्यामुळं तुमच्या डॉक्टरांनी सरळ तीनदाचं डायलिसिस सांगितलं ह्यात त्यांचा वाईट हेतू आहे असं समजू नका, आमचं शिक्षणच तसं झालंय.

तुमचा दुसरा प्रश्न, नाही केलं तर काय, ह्यावर मला लिहायचंय पण त्याआधी थोडी माहिती द्या. आप्पा दिवसभर काय करतात? घरात पडलेत का कधी गेल्या वर्षात? स्मरण कसं आहे? लघवी किती होते? वजन? आणि आत्ता त्यांना नेमका त्रास काय आहे, की फक्त रिपोर्ट वाईट आहे?

तासगावकर७२

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे खरंच आभार. आप्पा सकाळी उठून स्वतः दात घासतात, अंघोळीला बायको पाणी काढून देते पण करतात स्वतः, काठी घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत जातात, मधे दोनदा बसावं लागतं. आधी द्राक्षबागेत चक्कर मारायचे ते सहा महिन्यांपासून बंद झालं. पावसाळ्यात एकदा अंगणात पडले, फ्रॅक्चर नव्हतं. स्मरण चांगलं, सातबाऱ्याचे गट नंबर पाठ आहेत अजून, कधी कधी दिवस विसरतात. लघवी मोजली नव्हती, काल बाटलीनं मोजली तर दिवसाची साधारण लिटरभर. वजन ४८. त्रास म्हणाल तर अंगाला खाज, जेवण कमी झालंय, संध्याकाळी पाय सुजतात, रात्री दोन उश्या लागतात. श्वास एरवी ठीक. गुडघ्याला गावातल्या मेडिकलमधनं गोळी आणून खायचे, ती डायक्लोफेनॅक निघाली, म्हणजे किडनीला वाईट असलेली दुखण्यावरची गोळी, आता बंद केलीय.

निशिगंधाताई तुम्ही बरोबर बोललात, आप्पांना कुणी विचारलेलंच नाही. भाऊ म्हणतो त्यांना सांगू नका खचतील.

टेम्सकाठी

डायक्लोफेनॅक बंद केलीत हे फार बरं झालं. ती किती दिवस खात होते हे डॉक्टरांना नक्की सांगा, कारण ४-५ वरून ६.८ होण्यात तिचा हात असेल तर थोडं परतही येऊ शकतं, दोन तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून बघण्यासारखं आहे. बाकी आकडा म्हणून क्रिएटिनिनवर जाऊ नका, म्हाताऱ्या माणसात स्नायू कमी असतात त्यामुळं ते फसवतं, २ क्रिएटिनिन म्हणजे तिशीतल्या पुरुषाला इजीएफआर साधारण ४५ आणि ८५ वर्षांच्या बाईला २४ च्या आसपास. आणि इजीएफआर ७ झाला म्हणून त्याच दिवशी सुरू करायलाच हवं असंही नाही. २०१० मधे प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १० ते १४ ला सुरू करणारे आणि ५ ते ७ पर्यंत किंवा त्रास होईपर्यंत थांबणारे अशा दोन गटांत जगण्यात फरक दिसला नव्हता. रोज लिटरभर लघवी होतेय ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे.

आता नाही केलं तर. आमच्याकडं ह्याची वेगळी ओपीडी चालते, उपचार पूर्ण चालू असतात फक्त मशीन नसतं. सूज आणि दम लागू नये म्हणून लघवीच्या गोळ्यांचा डोस वाढवतात, ऍसिड वाढू नये म्हणून सोडाबायकार्बच्या गोळ्या, पोटॅशियम वाढलं तर ते उतरवायची पावडर, हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आणि लोह, ह्यानं थकवा बराच कमी होतो. खाजेला गॅबापेंटिन अगदी कमी डोसमधे चालतं, पण किडनीच्या माणसाला नेहमीचा डोस दिला तर गुंगी येते म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवायचं. गुडघ्याला पॅरासिटामॉल. खाण्यात शहाळं, केळी, मोसंबीचा रस बंद, बटाटा चिरून पाण्यात ठेवून ते पाणी ओतून मग उकडायचा, आणि बाजारात कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं ते अजिबात नको, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. कमरख म्हणजे स्टार फ्रूट एक फोडही नको, त्यातल्या द्रव्यानं किडनीच्या पेशंटला झटके येऊ शकतात. बाकी ८६ व्या वर्षी प्रोटीन तोडून तोडून माणूस वाळवू नका, डाळ अंडं बेतानं खाऊ द्या.

आणि शेवटी काय होतं, जे विचारायचा तुम्हाला धीर झाला नाही. बहुतेकांना हळूहळू झोप वाढते, जेवण सुटतं, शेवटचे काही दिवस गुंगीत जातात. वेदना हे किडनी बंद पडण्याचं मुख्य लक्षण नाही. जे त्रासदायक असतं ते म्हणजे पाणी साठून लागणारा दम, मळमळ, खाज आणि अस्वस्थपणा, आणि ह्या प्रत्येकावर औषध आहे. फक्त ते आधीच घरात आणून ठेवलेलं असावं लागतं आणि देणारं कुणीतरी ठरलेलं असावं लागतं. मॉर्फीन किडनी गेलेल्या माणसात साठून राहतं, झटके आणि भ्रम होतो, त्याऐवजी फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचे पॅच वापरतात, हे तुमच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

आप्पांना सांगू नये हे मला अजिबात पटत नाही. सातबारा पाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या शरीराचं काय चाललंय हे कळायचा हक्क आहे. क्रिएटिनिन सांगू नका, त्यांना विचारा की पुढच्या काळात त्यांना काय व्हायला हवंय आणि काय अजिबात नकोय. उत्तर बऱ्याचदा त्यातच असतं.

राजापूरची_माई

आमच्या सासूबाईंचं आम्ही डायलिसिस केलं नाही, वय ८८, हार्टचा त्रास होता आणि विसराळूपणा सुरू झाला होता. वर्षाच्या वर राहिल्या त्या घरी. बहुतेक काळ चांगला गेला, माजघरात खाटेवर बसून सगळ्यांवर लक्ष, आंब्याच्या दिवसात फणसाचे गरे मागायच्या, एखादा द्यायचो. इंजेक्शन गावातली नर्स येऊन द्यायची.

शेवटचे दोन आठवडे मात्र अवघड गेले कारण आमची काही तयारी नव्हती. दम लागला म्हणून रात्री एका हॉस्पिटलला नेलं तर तिथं म्हणाले डायलिसिस करणार असाल तर ठेवा नाहीतर सल्ल्याविरुद्ध नेतोय अशी सही करून घेऊन जा, आणि हातात कागदाशिवाय काही दिलं नाही, औषध नाही, ऑक्सिजन कुठं मिळेल ते नाही. मग एका ओळखीच्या डॉक्टरांनी घरी येऊन सगळं लावून दिलं आणि त्या शांत झाल्या. म्हणून कळवळून सांगते, डायलिसिस नको असं ठरवलंत तर तेवढ्यावर थांबू नका. आत्ताच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या की हे कुटुंबानं आणि पेशंटनं विचारपूर्वक ठरवलंय आणि दम लागला, उलट्या झाल्या तर काय द्यायचं. जिल्ह्याला सरकारी हॉस्पिटलात पॅलिएटिव्हचं (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारं) कुणी आहे का ते आजच विचारून ठेवा, तेव्हा रात्री दोन वाजता शोधता येत नाही.

आणि लोक काय म्हणतील ह्याचं... लोक तेराव्याला जेवून जातात, नंतर कुणी काही म्हणत नाही.

कायद्याची_बाजू

भाऊंची भीती असेल की उद्या कुणी विचारलं तर, म्हणून थोडक्यात. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला कुठलाही उपचार नाकारायचा अधिकार आहे, त्यात डायलिसिसही आलं, आणि सुरू केलेलं थांबवायचा अधिकारही त्यात आला. पुढं शुद्ध हरपली तर काय करायचं हे आधी लिहून ठेवायला सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्यता दिलीय, तेव्हा त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून फार कुणी करत नव्हतं, जानेवारी २०२३ मधे ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर सही पुरते. त्यात आपल्या वतीनं निर्णय कोण घेणार त्यांची नावं घालायची. तुमच्या घरात तीन भावंडांची तीन मतं आहेत तर हे कराच.

पैशाचं म्हणाल तर ७० च्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचं वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळतंय, वर्षाला ५ लाखांपर्यंत, आधार कार्डावर निघतं. महात्मा फुले योजनेतही डायलिसिस बसतं. जिल्हा रुग्णालयात प्रधानमंत्री डायलिसिस कार्यक्रमाखाली सेंटर असतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना मोफत. त्यामुळं पैसे नाहीत म्हणून नको, किंवा फुकट आहे म्हणून हवं, असं दोन्ही करू नका.

कोथरूडकर

पोटाच्या डायलिसिसचं कुणीच लिहिलं नाही. माझ्या काकांचं होतं, ७९ वय, हार्ट कमजोर म्हणून डॉक्टरांनी मशीनऐवजी तेच सुचवलं. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात, दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची, काही तास ठेवायची, मग काढायची, दिवसातनं तीन चार वेळा. घरीच होतं, जाणं येणं नाही, बीपी झपकन पडत नाही. पण कुणीतरी हात स्वच्छ धुऊन मास्क लावून न चुकता करणारं हवं, नाहीतर पोटात इन्फेक्शन. काकू करायच्या, दोन वर्षं केलं आणि नंतर काकूच थकल्या. पिशव्यांचे खोके घरात ठेवायला जागा लागते हेही बघा. सरकारी कार्यक्रमात २०१९ पासून ह्याची तरतूद आहे म्हणे, सांगलीला प्रत्यक्षात मिळतं का ते विचारा.

तासगावकर७२

काल रविवारी दादाला पुण्याहून बोलावून घेतलं, ताई पण आली. आप्पांना मीच सांगितलं सगळं, खाटेजवळ बसून, टेम्सकाठीताईंनी म्हटलं तसं. दादाला वाटत होतं ते रडतील, पण ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मशीनवाले दादांनी लिहिलेलं सगळं विचारलं, किती वेळ, रोज घरी यायचं का, तिथंच मेलो तर. मग म्हणाले की मला घरात, ह्या खाटेवर, माणसं ओळखत जायचंय, बाकी तुम्ही काय ते बघा. पुढच्या वर्षीची द्राक्षाची छाटणी बघायला मिळाली तर बरं, पण त्यासाठी दिवसाआड मिरज नको. दादा उठून बाहेर गेला, थोड्या वेळानं आला आणि म्हणाला ठीक आहे आप्पा म्हणतात तसं.

तर सध्या मशीन नाही. आज मिरजेच्या डॉक्टरांना भेटून आलो, मी सगळं स्पष्ट बोललो तर तेही मोकळे झाले, म्हणाले बरेच लोक घरच्यांच्या दबावानं सुरू करतात आणि मग अर्ध्यात सोडतात, तुम्ही विचार करून आलात. लघवीची गोळी वाढवली, सोडाबायकार्ब आणि इंजेक्शन सुरू केलं, खाजेला रात्रीची अर्धी गोळी. तीन आठवड्यांनी पुन्हा रिपोर्ट. दम लागला तर काय द्यायचं ते लिहून दिलंय आणि नोटरीचं काम ताईचे मिस्टर बघतायत.

एकच गोष्ट राहिली. डॉक्टर म्हणाले की उद्या आप्पांचं मन बदललं तर दार उघडं आहे, सहा आठवडे करून बघू आणि नाही झेपलं तर थांबवू. असं खरंच करतात का, की एकदा सुरू केलं की कुणी थांबवत नाही?

टेम्सकाठी

करतात, आणि ते योग्यच आहे, फक्त सुरू करायच्या आधी तारीख आणि निकष लिहून ठेवा, जसं की देवळापर्यंत जाता येतंय का, जेवण वाढलं का, आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी बसून आप्पांना विचारायचं. ती तारीख ठरवली नाही तर मात्र थांबवायला कुणी पुढं येत नाही. लघवी चालू असेल तर त्यांनाही आधी दोनदाच करून बघता येईल का हे विचारा. थांबवल्यावर लघवी अजिबात नसेल तर साधारण आठवडा ते दहा दिवस मिळतात, लघवी होत असेल तर जास्त.

मशीनवाला

दादा, मन बदलायची थोडी जरी शक्यता असेल तर एक करा, आप्पा ज्या हातानं लिहितात जेवतात त्याच्या उलट्या हाताला रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका, तिथल्या शिरा जपून ठेवा. इंजेक्शनवाल्या नर्सला, लॅबवाल्या पोराला, सगळ्यांना सांगून ठेवा. आणि कधी करायचंच ठरलं तर आधी एक दिवस आप्पांना सेंटर नुसतं दाखवून आणा, चालू मशीन बघू द्या, तिथल्या पेशंटशी बोलू द्या. मिरजेला एवढी सेंटर आहेत, विचारलंत तर नाही कुणी म्हणणार नाही.

तासगावकर७२

डावा हात, आजच सांगतो नर्सला.